हर्निया : पट्ट्याने न बुजणारी फट

दिवाळी सरली की भूम, वाशी, कळंब, परंडा या तालुक्यांतील वाड्या-वस्त्यांवरून ऊसतोडणी कामगारांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या वाटेला लागतात. मुकादमाची उचल अंगावर असते आणि नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो. दोघांपैकी एक जण आजारी पडला की दोघांचीही मजुरी बुडते, वर खाडा कापला जातो तो वेगळाच. अशा माणसाच्या जांघेत एखादा मऊ गोळा दिसू लागला, उभे राहिल्यावर तो फुगत असला आणि आडवे झाल्यावर नाहीसा होत असला, तर ‘दुखत नाही ना, मग असू द्या’ असे म्हणून तो वर्षानुवर्षे अंगावर काढला जातो. दुखत नाही म्हणजे आजार नाही, हे आपल्या ग्रामीण भागातील गणित बहुतेक वेळा निभावून जाते. या एका आजारात मात्र ते कधी चुकेल याचा नेम नसतो.

हा गोळा म्हणजे हर्निया. मराठीत त्याला ‘अंतर्गळ’ असा नेमका शब्द आहे. आतला अवयव गळून बाहेर येतो, एवढा अर्थ त्या एका शब्दात सामावला आहे. आयुर्वेदात आंत्रवृद्धी या नावाने त्याचे वर्णन आढळते आणि सुश्रुतसंहितेत त्याच्या कारणांमध्ये ओझी वाहणे, आपल्यापेक्षा बलवान माणसाशी झुंजणे, झाडावरून पडणे अशा गोष्टी सांगितल्या आहेत. अंगमेहनत आणि हा विकार यांचा संबंध आपल्याकडे फार पूर्वीच लक्षात आला होता, असे म्हणावयास हरकत नाही.

फट कोठे आणि का पडते?

आपल्या पोटातील आतडी, चरबी आणि इतर अवयव एका स्नायूंच्या भिंतीआड असतात. ही भिंत सर्वत्र सारखी जाड नसते. जांघ, बेंबी, पूर्वीच्या शस्त्रक्रियेचा व्रण अशा काही जागी ती मुळातच कच्ची असते. खोकताना, कुंथताना, ओझे उचलताना पोटातील दाब एकदम वाढतो आणि तो दाब कच्च्या जागी फट शोधतो. त्या फटीतून पोटाच्या आतील पातळ आवरणाची एक पिशवी बाहेर ढकलली जाते आणि पिशवीत आतड्याचे वेटोळे किंवा चरबी उतरते. सायकलच्या टायरला चीर गेली की आतली ट्यूब फुग्यासारखी बाहेर डोकावते, तसाच हा प्रकार असतो. दोष ट्यूबमध्ये नसतो, टायरमध्ये असतो. हर्नियातही आतडे निरोगीच असते, बिघडलेली असते ती भिंत. ही साधी गोष्ट नीट समजली की औषधाच्या गोळ्यांनी, काढ्याने किंवा लेपाने हर्निया का बरा होत नाही, हे वेगळे सांगावे लागत नाही.

पुरुषांमध्ये जांघेतील हर्निया सर्वाधिक का, याचे उत्तर जन्मापूर्वीच्या घडामोडींत आहे. गर्भावस्थेत मुलाचे अंडकोश पोटात तयार होतात आणि जन्माच्या सुमारास जांघेतील एका तिरप्या मार्गाने खाली वृषणाच्या पिशवीत उतरतात. त्यांच्याबरोबर पोटातील आवरणाची एक नळीही खाली येते. ती पुढे बंद व्हावी अशी निसर्गाची योजना असते. काहींमध्ये ती पूर्ण बंद होत नाही. काहींमध्ये ती बंद होते, पण वय वाढते तशी त्या मार्गाची मागील भिंत सैल पडते. एका मोठ्या पाहणीनुसार पुरुषांपैकी सुमारे २७ टक्के आणि स्त्रियांपैकी सुमारे ३ टक्के व्यक्तींना आयुष्यात कधी ना कधी जांघेच्या हर्नियाची शस्त्रक्रिया करावी लागू शकते. चार पुरुषांमागे एक, इतका हा सर्वसामान्य आजार आहे. त्यात लाजण्यासारखे काही नाही. तरीही जागा अवघड असल्यामुळे माणूस घरातसुद्धा बोलत नाही आणि डॉक्टरांकडे गेलाच तर ‘पोट दुखते’ एवढेच सांगून परत येतो.

ओझे उचलल्यानेच हर्निया होतो, असेही मात्र समजू नये. ओझे न उचलणाऱ्या कारकुनालाही तो होतो. जन्मजात कमकुवतपणा, वाढते वय, घरातील इतरांना असलेला हा त्रास, जुनाट खोकला, बद्धकोष्ठता, प्रोस्टेटच्या वाढीमुळे लघवीला करावा लागणारा जोर ही सारी कारणे त्यात हात घालतात. तंबाखू आणि विडीचा दुहेरी दोष आहे. एक तर खोकला जडतो आणि दुसरे म्हणजे भिंतीला बळकटी देणारे तंतू कमजोर होतात. उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढणारा आणि विश्रांतीला विडी शिलगावणारा माणूस दोन्ही बाजूंनी या फटीला आमंत्रण देत असतो.

स्त्रियांच्या बाबतीत थोडे वेगळे सांगावे लागेल. त्यांच्यात बेंबीजवळचा आणि जुन्या टाक्यांच्या जागेचा हर्निया अधिक दिसतो. सिझेरियन, गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया किंवा पोटाची अन्य कोणतीही मोठी शस्त्रक्रिया झाल्यानंतर जखमेत पू झाला असेल किंवा पुरेशी विश्रांती न मिळता ओझी उचलावी लागली असतील, तर काही महिन्यांनी वा वर्षांनी त्या व्रणातून पोट पुढे येऊ लागते. ऊसतोडणीला जाणाऱ्या स्त्रियांमध्ये गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचे प्रमाण किती मोठे आहे, याची चर्चा २०१९ मध्ये शेजारच्या बीड जिल्ह्यामुळे राज्यभर झाली. त्या शस्त्रक्रियेनंतर पुन्हा कोयता हाती घेणाऱ्या बाईच्या पोटाच्या भिंतीचे काय होते, याचा विचार मात्र त्या चर्चेत फारसा झाला नाही. याशिवाय स्त्रियांमध्ये जांघेच्या किंचित खाली, मांडीच्या मुळाशी, लहानसा हर्निया होतो. तो लिंबाहूनही लहान असतो आणि गाठ समजून दुर्लक्षिला जातो, पण त्याचे तोंड अरुंद आणि कडक असल्याने आतडे अडकण्याचा धोका त्यात सर्वांत जास्त असतो. स्त्रीच्या जांघेत अशी गाठ आली तर वाट पाहण्यात अर्थ नाही.

लहान मुलांचा हर्निया ही आणखी निराळी गोष्ट आहे. मूल रडले की जांघेत फुगवटा येत असेल, तर ती जन्मजात नळी उघडी राहिली आहे असे समजावे. ही नळी आपोआप बंद होईल म्हणून थांबण्यात धोका असतो, आणि मूल जितके लहान तितका आतडे अडकण्याचा संभव अधिक. याउलट तान्ह्या मुलाची फुगलेली बेंबी बहुतेक वेळा तीन-चार वर्षांची होईपर्यंत आपोआप आत जाते. तिच्यावर नाणे ठेवून पट्टी बांधण्याची पद्धत आपल्याकडे अजून टिकून आहे. तिने बेंबी लवकर बसत नाही, उलट खालची त्वचा मात्र ओली राहून चिघळते. नाणे बांधूनही बेंबी बरी होते आणि न बांधताही होते, त्यामुळे श्रेय नाण्याला मिळते इतकेच. पोटावर बिब्ब्याचे चटके देणे हा तर निव्वळ अघोरी प्रकार आहे. त्याने आजार जात नाही, फक्त व्रण उरतो.

पट्टा, लंगोट आणि मालीश

औषधाच्या दुकानात मिळणारा हर्नियाचा पट्टा हा आपल्याकडील सर्वांत लोकप्रिय ‘उपचार’ आहे. पट्टा गोळ्याला बाहेर येऊ देत नाही, हे खरे. पण तो फट बुजवत नाही. फुटलेल्या नळावर हात दाबून धरावा तसे ते आहे, हात काढला की पाणी सुरू. हृदयविकारामुळे किंवा अन्य गंभीर आजारामुळे ज्यांची शस्त्रक्रिया करताच येत नाही, अशा मोजक्या वृद्धांना पट्ट्याचा उपयोग होऊ शकतो, तोही गोळा पूर्ण आत ढकलल्यानंतर, आडव्या अवस्थेत बांधला तर. गोळा बाहेर असतानाच वरून पट्टा आवळला, तर आतड्यावरच दाब येतो. जुना पट्टा वापरणाऱ्याच्या जांघेतील त्वचा आणि आतील थर घट्ट, चिकट होतात आणि पुढे शस्त्रक्रियाही अवघड होते.

मालीशबद्दल तर स्पष्टच लिहिले पाहिजे. जांघेतील गोळा चोळून ‘बसवून’ देणारे जाणकार गावोगाव आहेत. मऊ गोळा हलक्या हाताने, झोपून, स्वतःच आत सारणे वेगळे. कडक झालेला, दुखणारा गोळा दुसऱ्याने जोर लावून चोळणे हा जिवाशी खेळ आहे.

आतडे अडकते तेव्हा

हर्नियाचा खरा धोका येथे आहे. एरवी आत-बाहेर करणारे आतड्याचे वेटोळे एखाद्या दिवशी फटीत अडकून बसते. आधी आतड्यातील वाट बंद होते, नंतर फटीच्या कडांनी रक्तवाहिन्या आवळल्या जातात. सूज वाढते, सूज वाढल्याने आवळ आणखी घट्ट होतो, आणि रक्तपुरवठा तुटलेले आतडे काही तासांत काळे पडू लागते. या अवस्थेची लक्षणे घरातील प्रत्येकाने लक्षात ठेवावीत अशी आहेत. नेहमी आत जाणारा गोळा आत जाईनासा होतो, कडक होतो, हात लावू देत नाही. पोटात कळा येतात, उलट्या सुरू होतात, वारा सरत नाही, शौचास होत नाही, पोट फुगते. गोळ्यावरची त्वचा लाल झाली तर वेळ आणखी थोडा उरला आहे असे समजावे.

अशा वेळी शेक, मालीश, जुलाब किंवा सकाळपर्यंत वाट पाहणे, काहीही करू नये. रुग्णाला खाण्या-पिण्यास काही न देता, जेथे रात्री-अपरात्री शस्त्रक्रिया होऊ शकते अशा रुग्णालयात न्यावे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका याच कामासाठी आहे. सहा तासांत पोहोचलेल्या आणि दुसऱ्या दिवशी पोहोचलेल्या रुग्णाच्या नशिबात जमीन-अस्मानाचे अंतर पडते. पहिल्याचे आतडे बहुधा वाचते. दुसऱ्याचे कुजलेले आतडे कापून जोडावे लागते, जाळी बसवणे धोक्याचे ठरू शकते, पाच-दहा दिवस रुग्णालयात जातात, खर्च कित्येक पटींनी वाढतो आणि वयस्कर रुग्ण प्राणासही मुकू शकतो.

मग हर्निया दिसला की प्रत्येकाने लगेच शस्त्रक्रियेसाठी धावावे काय? या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर थोडे गुंतागुंतीचे आहे. अमेरिकेत ज्यांना फारसा त्रास नव्हता अशा ७२० पुरुषांचे दोन गट करून एका गटाची शस्त्रक्रिया केली गेली आणि दुसऱ्यास केवळ देखरेखीखाली ठेवण्यात आले. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात देखरेखीखालील रुग्णांत आतडे अडकण्याचे प्रमाण फारच कमी, वर्षाला हजारांमागे दोनहून कमी, आढळले. म्हणजे त्रास नसलेल्या पुरुषाने घाबरून जाण्याचे कारण नाही. मात्र याच रुग्णांचा पुढे मागोवा घेतला असता, दहा वर्षांत त्यांच्यापैकी सुमारे दोन तृतीयांश लोकांनी, प्रामुख्याने दुखणे वाढल्यामुळे, शस्त्रक्रिया करून घेतली होती. शस्त्रक्रिया टळत नाही, लांबते, एवढाच त्याचा अर्थ.

आणि तो अभ्यास ज्या लोकांवर झाला त्यांच्या घरापासून रुग्णालय किती दूर होते, याचाही विचार करावयास हवा. ज्याचे घर शहरात आहे, ज्याला फोन करताच डॉक्टर भेटतात, त्याने थांबावे. पण जो माणूस वर्षातील पाच-सहा महिने परजिल्ह्यात, उसाच्या फडात, पालावर राहतो, पहाटे थंडीत मोळ्या वाहतो आणि रात्री दोन वाजता ट्रक भरतो, त्याच्या बाबतीत तो निष्कर्ष जसाच्या तसा लावणे मला योग्य वाटत नाही. त्याने गावी असतानाच, आपल्या सोयीच्या दिवशी, शस्त्रक्रिया उरकून घेणे हेच शहाणपणाचे.

भिंत शिवण्यापासून जाळीपर्यंत

ही फट कायमची बुजवायची कशी, हा प्रश्न शल्यचिकित्सकांना शतकानुशतके सतावत होता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत शस्त्रक्रिया केलेला हर्निया फार मोठ्या प्रमाणावर पुन्हा उद्भवत असे. इटलीतील पादुआ येथील एदुआर्दो बास्सिनी यांनी १८८७ मध्ये आपली नवी पद्धत मांडली आणि चित्र पालटले. त्यांनी जांघेतील तिरप्या मार्गाची रचना अभ्यासून त्याची मागील भिंत थर थर जोडून पुन्हा बांधली. योगायोग असा की, तरुणपणी गॅरिबाल्डीच्या बाजूने लढताना १८६७ मध्ये बास्सिनी यांना स्वतःलाच जांघेत संगिनीचा वार बसला होता. पुढे कॅनडातील टोरांटो येथे डॉ. शाउल्डिस यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, हर्नियामुळे सैन्यभरतीत नाकारल्या गेलेल्या तरुणांवर शस्त्रक्रिया करीत या पद्धतीत सुधारणा केली. त्यांच्या नावाचे रुग्णालय १९४५ पासून केवळ हर्नियाच्याच शस्त्रक्रियांसाठी प्रसिद्ध आहे.

या पद्धतींत एक अडचण राहिली. फटीच्या दोन कडा ओढून एकत्र शिवल्या की टाक्यांवर ताण येतो. तोकड्या कापडाचा सदरा ओढून बटण लावावे, तसे ते. ताण आला की दुखते, आणि आधीच कमकुवत असलेल्या पेशी पुन्हा फाटण्याचा संभव राहतो. यावर लॉस एंजेलिसच्या डॉ. अर्विंग लिक्टेन्स्टाइन यांनी १९८४ पासून कडा ओढण्याचे सोडून फटीवर पॉलिप्रॉपिलीन धाग्याची जाळी सैलसर बसवण्यास प्रारंभ केला आणि १९८९ मध्ये हजार रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. पुन्हा सायकलकडे वळायचे तर, चिरलेल्या टायरच्या कडा शिवण्याऐवजी आतून गेटर लावण्याची ही युक्ती. काही आठवड्यांत जाळीच्या छिद्रांतून शरीराचे स्वतःचे तंतू वाढतात आणि सळईभोवती काँक्रीट धरावे तशी भिंत मजबूत होते. आज जगभर मोठ्या माणसांच्या जांघेतील हर्नियासाठी जाळीचा वापर ही सर्वमान्य पद्धत आहे. लहान मुलांना जाळी लागत नाही. त्यांची भिंत धड असते, उघडी नळी बांधून टाकली की काम भागते.

जाळी आली आणि तिच्याबरोबर किंमतही आली. कंपन्यांच्या आयात जाळ्या सुरुवातीच्या काळात ग्रामीण रुग्णाच्या आवाक्याबाहेर होत्या. या प्रश्नाचे उत्तर पुढे आले ते महाराष्ट्रातूनच. धुळे जिल्ह्यातील दोंडाईचा येथील शल्यचिकित्सक डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांच्या लक्षात आले की, मच्छरदाणीचे कापडही अशाच प्रकारच्या प्लास्टिकच्या धाग्यांनी विणलेले असते. पॉलिथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीन यांच्या मिश्रणाचे हे कापड धुऊन, योग्य आकारात कापून, ऑटोक्लेव्हमध्ये वाफेने निर्जंतुक करून त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी वापरले. निरनिराळ्या ठिकाणच्या शल्यचिकित्सकांनी मिळून केलेल्या ३५९ हर्नियांच्या दुरुस्तीचा हा अनुभव २००३ मध्ये ‘इंडियन जर्नल ऑफ सर्जरी’त प्रसिद्ध झाला. एका रुग्णास लागणाऱ्या तुकड्याची किंमत जवळजवळ नगण्य होती.

मच्छरदाणी पोटात शिवतात, हे ऐकून अनेकांच्या भुवया उंचावल्या असतील. पण कल्पना तेथेच थांबली नाही. आफ्रिकेतील गरीब देशांत काम करणाऱ्या शल्यचिकित्सकांनी ती उचलली. युगांडात ३०२ पुरुषांवर काटेकोर तुलनात्मक चाचणी घेण्यात आली. अर्ध्या रुग्णांना मच्छरदाणीच्या प्रकारची स्वस्त जाळी आणि अर्ध्यांना कंपनीची महागडी जाळी बसवण्यात आली. पहिलीची किंमत सुमारे एक डॉलर, दुसरीची सव्वाशे डॉलर. वर्षभरानंतर स्वस्त जाळीच्या गटात एका रुग्णाचा हर्निया पुन्हा उद्भवला, महागड्या जाळीच्या गटात एकाचाही नाही, आणि हा फरक संख्याशास्त्रदृष्ट्या नगण्य होता. २०१६ मध्ये हे निष्कर्ष ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या जगन्मान्य नियतकालिकात आले. दोंडाईचासारख्या गावात सुचलेली गोष्ट तेथपर्यंत पोहोचली, याचा आपल्याला जितका अभिमान वाटायला हवा तितका वाटल्याचे दिसत नाही. येथे एक खुलासा आवश्यक आहे. बाजारातील कोणतीही मच्छरदाणी या कामाची नव्हे, कीटकनाशक लावलेली तर मुळीच नव्हे. शिवाय आता भारतात तयार होणाऱ्या पॉलिप्रॉपिलीनच्या जाळ्या पूर्वीच्या मानाने बऱ्याच स्वस्त झाल्या आहेत. ‘आयात जाळीच बसवा, नाहीतर हर्निया पुन्हा होईल’ असे कोणी सांगितले, तर साध्या जाळीचा पर्याय का नको, एवढे विचारण्याचा रुग्णाला अधिकार आहे.

जाळीविना दुरुस्तीचाही एक मराठी अध्याय आहे. पुण्याचे डॉ. मोहन देसरडा यांनी रुग्णाच्याच जांघेतील बाह्य स्नायूच्या पांढऱ्या, चिवट पडद्याची एक पट्टी मागील भिंतीवर बसवण्याची पद्धत शोधली आणि २००१ मध्ये ती प्रसिद्ध केली. पट्टी एका बाजूने स्नायूला जोडलेलीच राहते, त्यामुळे माणूस जोर लावतो तेव्हा तीही ताणली जाऊन भिंतीला आधार देते, असा त्यामागील विचार आहे. पोलंडमधील २०८ रुग्णांच्या चाचणीत ही पद्धत आणि जाळीची पद्धत यांची तुलना झाली. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तीन वर्षांत दोन्ही गटांत प्रत्येकी दोनच रुग्णांचा हर्निया पुन्हा उद्भवला. परके द्रव्य शरीरात नको असलेल्यांसाठी किंवा जखम दूषित असताना जाळी टाळावी लागते तेव्हा असे पर्याय हाताशी असणे मोलाचे आहे. अर्थात, कोणतीही पद्धत ती नित्य करणाऱ्या हातांतच चांगली ठरते.

दुर्बिणीद्वारे होणाऱ्या शस्त्रक्रियेची जाहिरात सर्वाधिक होते, म्हणून तिच्याविषयी दोन शब्द. पोटाला लहान छिद्रे पाडून आतल्या बाजूने जाळी बसवली जाते. दुखणे कमी, कामावर परतणे लवकर. दोन्ही बाजूंना हर्निया असेल किंवा एकदा शस्त्रक्रिया होऊन तो पुन्हा झाला असेल, तर या पद्धतीचा निश्चित लाभ आहे. मात्र बहुधा पूर्ण भूल लागते, खर्च जास्त येतो आणि ती अनुभवी हातांचे काम आहे. एका बाजूच्या साध्या हर्नियासाठी उघड्या पद्धतीची शस्त्रक्रिया म्हणजे दुय्यम उपचार, असा न्यूनगंड बाळगण्याचे कारण नाही. दुर्बिणीसाठी कर्ज काढण्याचे तर मुळीच नाही.

शस्त्रक्रियेचा दिवस आणि नंतर

उघड्या पद्धतीत बहुधा कंबरेत मणक्यामध्ये इंजेक्शन देऊन खालचा भाग बधिर केला जातो. केवळ जागेवर भूल देऊनही ही शस्त्रक्रिया चांगली होते. हृदयाच्या वा श्वासाच्या आजाराच्या वृद्धांसाठी ती अधिक सुरक्षित ठरते. जांघेत दोन-तीन इंचांचा छेद, पिशवी सोडवून आत ढकलणे, फटीवर जाळी बसवून टाके, असे हे काम साधारण तासाभराचे असते. त्याच दिवशी किंवा एक-दोन दिवसांत घरी जाता येते. त्यापूर्वी रक्तातील साखर, हिमोग्लोबिन, रक्तदाब, गरजेनुसार हृदयाचा आलेख तपासतात. वयस्कर पुरुषाने लघवीचा त्रास असल्यास आधी सांगावा, खोकला असल्यास आधी बरा करून घ्यावा आणि विडी-तंबाखू किमान काही आठवडे आधी बंद करावी. शस्त्रक्रियेनंतर खोकल्याची उबळ आली तर टाक्यांवर येणारा ताण रुग्णालाच सोसावा लागतो.

‘या शस्त्रक्रियेने पुरुषत्व जाते’ हा गैरसमज अनेक तरुणांना टेबलापासून दूर ठेवतो. तो निराधार आहे. अंडकोशाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आणि नलिका जपूनच काम केले जाते, त्यांना इजा होणे क्वचित घडते. वृषणाच्या पिशवीत काही दिवस सूज किंवा काळेनिळेपणा येतो तो ओसरतो. लघवी अडकणे, जखमेत पाणी किंवा पू होणे, हर्निया पुन्हा उद्भवणे या गुंतागुंती कमी प्रमाणात होतात. लपवून ठेवू नये अशी एक गोष्ट म्हणजे दीर्घकाळ राहणारे दुखणे. दहापैकी सुमारे एका रुग्णास तीन महिन्यांनंतरही जांघेत जाणवण्याजोगे दुखते. बहुतेकांचे पुढे कमी होत जाते, थोड्यांचे राहते. डॉक्टरांनी हे आधी सांगितले आणि रुग्णाने ऐकले, तर नंतरचे वादविवाद टळतात.

शस्त्रक्रियेच्या संध्याकाळी उठून चालावे. पडून राहिल्याने जाळी ‘बसते’ असे काही नाही. चालणे, जिना चढणे, हलकी कामे काही दिवसांतच सुरू करता येतात. जड कामाबाबत तज्ज्ञांत मतभेद आहेत, पण चाळीस किलोंच्या आसपासची मोळी उचलणाऱ्याने चार ते सहा आठवडे थांबावे, हा सल्ला मला व्यवहार्य वाटतो. घरी बसून पोटावर सतत घट्ट पट्टा बांधण्याची गरज जांघेच्या हर्नियात नसते. पोटाच्या मोठ्या हर्नियानंतर तो बांधायला सांगितला तर बांधावा.

आता मुहूर्ताचा प्रश्न. उन्हाळ्यात जखम चिघळते, शस्त्रक्रिया थंडीत करावी, अशी आपल्याकडे पक्की समजूत आहे. जखम भरणे हे निर्जंतुकता, रक्तातील साखर आणि पोषण यांवर अवलंबून असते. फाल्गुन की पौष याने फारसा फरक पडत नाही. पण या समजुतीची किंमत आपल्या जिल्ह्यातील माणूस मोजतो. ‘थंडीत करू’ म्हणून शस्त्रक्रिया पुढे ढकलायची आणि थंडी सुरू झाली की तोच माणूस कोयता घेऊन कारखान्याच्या वाटेला लागायचा. अशी दहा-दहा वर्षे निघून जातात. त्यापेक्षा हंगाम आटोपून गावी परतल्यावर, चैत्र-वैशाखात शस्त्रक्रिया केली तर मृगाच्या पेरणीपर्यंत माणूस हलक्या कामाला आणि दिवाळीपर्यंत कोणत्याही कामाला तयार होतो. फार तर जखम कोरडी राहील याची उन्हाळ्यात थोडी अधिक काळजी घ्यावी.

त्यासाठी नेहमी सोलापूर, बार्शी किंवा लातूर गाठावेच लागते असे नाही. धाराशिव येथे २०२२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. तुळजापूर, उमरगा, कळंब आणि परंडा येथे उपजिल्हा रुग्णालये आहेत. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी व उपचार निःशुल्क करण्यात आले आहेत. ठरवून करावयाच्या हर्नियाच्या शस्त्रक्रियेसाठी तेथे शल्यचिकित्सक आणि भूलतज्ज्ञ कोणत्या दिवशी असतात, याची आधी चौकशी करावी, म्हणजे हेलपाटा वाचतो. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत हर्नियाचा कोणता प्रकार कोणत्या रुग्णालयात बसतो, हे त्या रुग्णालयातील आरोग्यमित्राकडून दाखल होण्यापूर्वीच लेखी समजून घ्यावे. शिधापत्रिका आणि आधार कार्ड सोबत असावे, आणि पूर्वी कोणतीही शस्त्रक्रिया झाली असेल तर तिचे कागदही. जुन्या व्रणातील हर्नियात मागच्या वेळी आत काय केले होते, हे कळले की शल्यचिकित्सकाचे निम्मे काम सोपे होते.